खपली गहू, लाल भोपळा, ओल्या शेंगा: ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पोटभरीचं व्हीगन सॅलड

सॅलड म्हटलं की आपल्याकडे काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि वरून चाट मसाला, आणि मग घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, यानं काय पोट भरणार? यानं भरतं. अख्खा खपली गहू, खरपूस भाजलेला भोपळा, उकडलेल्या ओल्या शेंगा, वर तीळ-आवळ्याचं आंबटगोड ड्रेसिंग, एक मोठा वाडगा खाल्ला की संध्याकाळच्या चहापर्यंत डब्यांची झाकणं उघडावीशी वाटत नाहीत. दूध, दही, तूप, पनीर, मध यातलं काही नाही, आणि ते नाही हे खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळतही नाही.

हे याच दिवसांत का करायचं, तर आश्विन-कार्तिकात मंडईत जे येतं ते सगळं एकमेकांना धरून जातं. खरिपाचा भुईमूग निघालेला असतो त्यामुळे ओल्या शेंगांचे ढीग लागलेले असतात, नवे तीळ येतात, हातगाडीवर काळे-हिरवे शिंगाडे दिसायला लागतात, हिमाचल-काश्मीरची सफरचंदं वर्षातल्या सगळ्यात बऱ्या भावात आणि सगळ्यात करकरीत असतात, आणि दिवाळीच्या मागेपुढे आवळे. डाळिंब तर आहेच, मृग बहाराचं नोव्हेंबरपासून यायला लागतं. लाल भोपळा बारा महिने मिळतो पण पिकलेला, आत गडद केशरी असलेला या दिवसांत छान मिळतो. सीताफळाचा मोह होतो, मलाही होतो, पण ते यात घालू नका, गर सगळ्या दाण्यांना चिकटतो आणि बिया काढता काढता दिवस जातो, ते आपलं नंतर वेगळं खा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. असल्या सॅलडमध्ये भाज्या कुठल्याही चालतात, भोपळ्याऐवजी रताळं घ्या, शिंगाडा मिळाला नाही तर सोडून द्या, फार फरक पडत नाही. फरक पडतो तो धान्य कसं शिजवलं आणि ड्रेसिंग कधी घातलं यानं. दाणा मऊ गिचका झाला तर ती खीर, दाणा ओला राहिला तर ड्रेसिंग तळाशी जाऊन बसतं, आणि दाणा फ्रिजमधला गार असताना ड्रेसिंग घातलं तर ते वरच्यावर राहतं, खाताना धान्य आळणी आणि भाजी आंबट असं वेगवेगळं लागतं. त्यामुळे धान्याबद्दल जरा लांबण लावणार आहे, घाई असेल त्यांनी प्रमाण बघून घ्या पण शिजवायचं वाचल्याशिवाय सुरुवात करू नका.

काय काय लागेल

हे प्रमाण चौघांना जेवण म्हणून, सोबत सूप किंवा भाकरी असेल तर सहा जणांना पुरतं.

अख्खा खपली गहू १ कप (साधारण २०० ग्रॅम), लाल भोपळा ४०० ग्रॅम सालासकट वजन, ओल्या भुईमुगाच्या शेंगा पाव किलो, शिंगाडे सहा-आठ, एक करकरीत सफरचंद, एक लहान डाळिंब, कोवळी मेथी एक कप भरून पानं, एक मध्यम कांदा, मूठभर कोथिंबीर.

ड्रेसिंगला पांढरे तीळ ३ टेबलस्पून, आवळे २ मोठे (नाहीतर एका मोठ्या लिंबाचा रस), किसलेला गूळ २ टीस्पून, लसणीची एक छोटी पाकळी, एक हिरवी मिरची, अर्धा टीस्पून भाजलेलं जिरं, घाण्याचं शेंगदाणा तेल २ टेबलस्पून, मीठ. भोपळा भाजायला आणखी एक टेबलस्पून तेल आणि दोन चिमटी गोडा मसाला. गोडा मसाला वाचून भुवया वर गेल्या असतील तर जाऊ द्यात, भोपळ्यावर कमाल लागतो.

आधी गहू

खपली गहू म्हणजे आपल्याकडे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव-धारवाड पट्ट्यात पिकणारा जुना गहू, ज्याची खीर करतात. मळणी करूनही याच्या दाण्यावरचं टरफल सुटत नाही, ते वेगळं सडून काढावं लागतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं याच्या सुधारित जाती काढल्यात. आणि गंमत म्हणजे परदेशी रेसिप्यांमध्ये फारो म्हणून जे महागडं धान्य सांगतात ते बहुतेक वेळा हेच असतं, एमर जातीचा गहू. म्हणजे इटालियन पाकीट शोधत सुपरमार्केटमध्ये हिंडायची काही गरज नाहीये, किराणावाल्याला खिरीचा खपली द्या म्हणा.

पण देताना तो कुठला देतोय ते बघा. एक असतो टरफलासकट, तो आपल्या कामाचा नाही. दुसरा टरफल काढलेला पण कोंडा शाबूत, लांबुडका, तांबूस तपकिरी दाणा, हा आपल्याला हवाय. तिसरा खिरीसाठी जास्त सडलेला, फिकट पांढुरका, त्यावरचा कोंडा बराचसा गेलेला असतो, तो लवकर शिजतो आणि लवकर फुटतो, खिरीला उत्तम पण सॅलडमध्ये चिकट होतो आणि मग अख्खं धान्य खातोय असं म्हणण्यातही फार अर्थ राहत नाही. तोच मिळाला तर वापरा, वेळ फक्त निम्मा धरा.

रात्री निवडून, दोन-तीन पाण्यानं धुऊन, भरपूर पाण्यात भिजत टाका. आठ तास पुरे. ऑक्टोबर हीट असेल तर भिजवलेला गहू ओट्यावर बारा-चौदा तास ठेवू नका, आंबूस वास यायला लागतो, फ्रिजमध्ये ठेवा. भिजवायचं विसरलात तरी करता येतं, वेळ जवळजवळ दुप्पट लागतो एवढंच.

शिजवायचे दोन मार्ग. मला उघड्या पातेल्यातला आवडतो कारण मध्ये मध्ये दाणा चावून बघता येतो. मोठ्या पातेल्यात सात-आठ कप पाणी उकळवा, एक टीस्पून मीठ घाला, भिजवलेला गहू निथळून त्यात टाका आणि मध्यम आचेवर उकळू द्या, झाकण अर्धवट. पंचवीस मिनिटांनी पहिला दाणा चावून बघा, मग दर चार-पाच मिनिटांनी. बाहेरून मऊ, आत दाताला थोडा दाब लागतो, पण मध्ये कच्चा पांढरा ठिपका नाही, असा झाला की लगेच गॅस बंद. बहुतेक तीस ते चाळीस मिनिटांत होतो. एकदोन दाणे उकलायला लागले की समजा झालंच.

कुकरवाल्यांसाठी, भिजवलेला गहू, तो बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी, मीठ, तीन शिट्ट्या आणि गॅस बंद, वाफ आपोआप जाऊ द्या, उघडून बघा, कडक वाटला तर झाकण न लावता पाच-दहा मिनिटं उकळा. खिरीला करतो तसं सहा-सात शिट्ट्या काढून मोकळं होऊ नका. प्रत्येकाचा कुकर वेगळा आणि गहूही नवा-जुना असतो, म्हणून शिट्ट्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा दातावर ठेवा.

आता यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. गहू चाळणीत ओता, पाणी खाली पातेल्यात धरा (हे पाणी टाकू नका, कणीक भिजवायला किंवा आमटीत चालतं, फक्त मीठ आहे हे लक्षात ठेवा). चाळणी चांगली झटका आणि मग गहू स्वच्छ पंचावर किंवा मोठ्या परातीत पातळ पसरा. गार पाण्याखाली धरू नका, नळाचं पाणी परत दाण्यांत जातं. पसरला की दहा मिनिटांत वाफ निघून जाते, वरून कोरडा होतो, आतून अजून गरम असतो. नेमका याच वेळी आपल्याला तो लागणार आहे, म्हणून ड्रेसिंग तोपर्यंत तयार पाहिजे. एक कप कच्च्या गव्हाचा अडीच-तीन कप होतो.

शेंगा आणि शिंगाडे

हे गहू शिजत असतानाच दुसऱ्या बाजूला होतं. ओल्या शेंगांना माती फार असते, चोळून चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा, मग सालासकट कुकरमध्ये मीठ घालून तीन-चार शिट्ट्या. मीठ जरा सढळ हातानं, सालातून आत जायचंय त्याला. गार झाल्या की सोला. पाव किलोतले पाऊण कप दाणे निघाले पाहिजेत पण निघणार नाहीत, कारण सोलणारा आणि शेजारी उभा असलेला प्रत्येक माणूस खात असतो, म्हणून सरळ थोड्या जास्तच घ्या.

ओल्या शेंगा मिळाल्या नाहीत तर अर्धा कप कच्चे शेंगदाणे रात्री गव्हाबरोबरच भिजवा आणि गव्हाबरोबरच शिजवा. वेगळं भांडं नाही, वेळ साधारण सारखाच लागतो, सोपं काम. भाजलेले दाणे मात्र इथे नकोत, आपल्याला मऊ दाणा हवाय, कुरकुरीतपणा आपण शेवटी दुसऱ्या गोष्टीतून आणणार आहोत.

शिंगाडे पंधरा-वीस मिनिटं उकडा, सोला, चार तुकडे करा. साल सोलताना टोकांचे काटे बोचतात तेव्हा आधी सुरीनं टोकं उडवा. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना हे सांगायला नको, तिकडे तळ्यातले ताजे मिळतात, मुंबई-पुण्यात उकडलेले तयार मिळतात तेही चालतील, फक्त वास घेऊन बघा.

भोपळा

भोपळा वाफवायचा नाही, भाजायचा. भाजीत भोपळा मऊ हवा असतो, इथे त्याला कड हवी, जराशी करपट.

साल काढा (आपल्या लाल भोपळ्याची साल जाड असते, ठेवू नका), बिया बाजूला ठेवा, टाकू नका. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करा, बारीक केले तर नंतर मिसळताना लगदा होतो. तेल आणि गोडा मसाला चोळा. मीठ आत्ता नको, मीठ लावलं की पाणी सुटतं आणि भाजायच्या ऐवजी भोपळा शिजत बसतो.

ओव्हन असेल तर २०० डिग्रीवर पंचवीस-तीस मिनिटं, ट्रेमध्ये एकच थर, मध्ये एकदा उलटवा. एअर फ्रायरमध्ये १८० वर पंधराएक मिनिटं, अर्ध्यात टोपली हलवा. आणि दोन्ही नसेल तर लोखंडी तवा किंवा बिडाची कढई सगळ्यात झकास, कडकडीत तापवा, तुकडे एका थरात टाका, आणि मग हात बांधून उभे राहा. खरंच. तीन-चार मिनिटं हलवायचं नाही, खालची बाजू तांबूस झाली की उलथन्यानं परता, परत तसंच. झाकण ठेवायचं नाही. दोन घाण्यांत करा पण गर्दी करू नका. सुरी सहज आत गेली की काढा आणि आता मीठ भुरभुरा.

त्याच तव्यात भोपळ्याच्या बिया, धुऊन पुसून कोरड्या केलेल्या, चमचाभर तेलावर फुटायला लागेपर्यंत परता, थोडं तिखट-मीठ. हा आपला कुरकुरीतपणा. बियांची साल चिवट निघाली, काही भोपळ्यांची निघते, तर त्या तशाच चघळा आणि सॅलडवर बाजारातल्या सोललेल्या बिया किंवा भाजलेले कारळे घाला. कारळे फक्त चटणीतच का म्हणून?

रताळं घेतलं तर हेच सगळं, फक्त आपलं लाल सालीचं पांढरं रताळं भोपळ्यापेक्षा कोरडं असतं, त्याला तेल थोडं जास्त आणि ड्रेसिंगही चमचाभर जास्त लागतं.

ड्रेसिंग, म्हणजे दह्याची जागा

असल्या सॅलडमध्ये बहुतेक लोक दही किंवा चीज घालतात ते आंबटपणा आणि दाटपणासाठी. आंबटपणाला आवळा, दाटपणाला तीळ, दोन्ही याच दिवसांतले. कार्तिकात आवळीभोजनाच्या निमित्तानं आवळ्याच्या झाडाखाली जेवायची आपल्याकडे पद्धतच आहे, डबा घेऊन जाणाऱ्यांनी हे सॅलड न्यावं, गार छान लागतं.

तीळ मंद आचेवर कोरडे भाजा, तडतडायला लागले आणि किंचित रंग बदलला की लगेच ताटात काढा, तव्यात ठेवले तर तव्याच्या उष्णतेनं जास्त भाजून कडू होतात. गार झाले की मिक्सरच्या छोट्या भांड्यात आधी कोरडेच फिरवा. मग किसलेला आवळा, गूळ, लसूण, मिरची, जिरं, पाऊण टीस्पून मीठ, तेल आणि तीन-चार टेबलस्पून पाणी घालून परत फिरवा. पळीवाढं झालं पाहिजे, ओतता यावं पण पाण्यासारखं नको. ठेवलं की ते दाट होतं, तेव्हा वापरताना परत चमचाभर पाणी लागेल.

कच्चा आवळा काहींना तुरट लागतो, त्यांनी आख्खे आवळे पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, फोडी आपोआप सुटतात, बी निघतं आणि तुरटपणाही उतरतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आवळे मिळाले नाहीत तर लिंबू, किंवा एक टेबलस्पून दाट चिंचेचा कोळ. चिंच घेतली तर गूळ थोडा वाढवा. कोकमाचं आगळ पण वापरून बघितलंय, चव भारी, पण त्यात आधीच मीठ असतं आणि सगळा गहू गुलाबी होतो, लहान मुलांना आवडतं, मला नाही.

चाखून बघा. नुसतं चाखलं तर ते जरा जास्त आंबट, जास्त खारट, जास्त तिखट लागलं पाहिजे. आत्ता जिभेला बरोब्बर वाटणारं ड्रेसिंग तीन कप गव्हात गेल्यावर कुठच्या कुठे नाहीसं होतं. बाजारातला ताहिनी (तिळाची तयार पेस्ट) घरात असेल तर तो दोन टेबलस्पून घ्या, तीळ भाजायचं काम वाचेल, पण तो कधी कधी कडवट असतो, गूळ हाताशी ठेवा.

आता एकत्र करणं, आणि क्रम मोडू नका

कांदा पातळ उभा चिरा, त्यावर चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब, हातानं चुरा, पंधरा मिनिटं ठेवा. उग्रपणा जातो. मेथीची फक्त पानं घ्या, कोवळीच, मोठी जून जुडी असेल तर कडूपणा सगळ्यावर मात करतो. मुंबईत वाळूतली बारीक समुद्रमेथी मिळाली तर ती यासाठी एक नंबर. पानांना अगदी किंचित मीठ लावून दोन मिनिटं हलक्या हातानं चोळलं की ती नरम होतात आणि कच्चा पाला खातोय असं वाटत नाही. मेथी नकोच असेल तर कोवळा मुळ्याचा पाला बारीक चिरून.

परातीतला गहू अजून कोमट आहे ना? तो मोठ्या भांड्यात घ्या, त्यावर निम्मं ड्रेसिंग आणि कांदा, नीट कालवा, शेंगांचे दाणे पण आत्ताच घाला म्हणजे तेही चव पितात. झाकून वीस मिनिटं सोडा. या वीस मिनिटांत डाळिंब सोला, वरचा मुकुट कापून, उभ्या शिरांवर चिरा देऊन, पाण्याच्या भांड्यात फोडा, पांढरा पडदा वर तरंगतो, दाणे खाली बसतात, ओट्यावर आणि शर्टवर डाग पडत नाहीत. भगवा जातीचं डाळिंब असेल तर बी मऊ असतं, तेच बघून घ्या, कडक बियांचं डाळिंब गव्हाबरोबर चावायला फारच मेहनत होते.

वीस मिनिटांनी गहू परत चाखा. मीठ कमी वाटेल, वाटतंच, धान्य मीठ शोषून घेतं. घाला. मग भोपळा (गार झालेला, गरम घातला तर मोडतो), शिंगाडे, सफरचंदाच्या सालासकट फोडी, ज्या अगदी आयत्या वेळी चिरायच्या नाहीतर काळ्या पडतात, मेथी, कोथिंबीर आणि उरलेलं ड्रेसिंग. डाव-चमच्यापेक्षा हातानं कालवा, तळापासून वर उचलत, भोपळा दाबला जाणार नाही असं. सगळ्यात शेवटी, ताटात वाढल्यावर, डाळिंबाचे दाणे आणि भोपळ्याच्या बिया.

फोडणी द्यायची का? द्या की. एक टेबलस्पून तेल, मोहरी, कढीपत्ता, एक सुकी मिरची, हिंग, आणि वरून चर्र करून. मग आजी म्हणतील ही तर कोशिंबीरच झाली, म्हणू देत. फक्त फोडणी देणार असाल तर ड्रेसिंगमधलं तेल निम्मं करा नाहीतर तेलकट होतं.

ज्यांना गहू चालत नाही

खपलीमध्ये ग्लुटेन असतं. साध्या गव्हापेक्षा पचायला हलका म्हणून तो विकतात, पण ज्यांना सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, आहे त्यांच्यासाठी हा गहूच आहे, त्यांनी खाऊ नये. आणि बाजारातल्या खड्याच्या नसलेल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं हे फोडणीच्या वेळी लक्षात ठेवा. शेंगदाणा आणि तीळ दोन्ही ॲलर्जीवाले पदार्थ आहेत, पाहुण्यांना वाढताना आधी विचारा.

गहू न चालणाऱ्यांसाठी ज्वारी. अख्खी ज्वारी सॅलडला इतकी चांगली असते की मला कळत नाही लोक ती भाकरीपलीकडे का नेत नाहीत. मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर क्या बात. रात्रभर भिजवा, कुकरमध्ये तिप्पट पाणी, सात-आठ शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. गहू जसा जास्त शिजला की फुटतो तशी ही फुटत नाही, मोत्यासारखी गोल आणि सुटी राहते, त्यामुळे नवशिक्यांना खरं तर ज्वारीच सोपी. निथळणं, पसरणं, कोमट असताना ड्रेसिंग, सगळं तसंच.

बाजरीही याच दिवसांत नवीन निघते, म्हणून मोह होतो, पण अख्खी बाजरी बारीक आणि चिकट होते, खिचडीच्या दिशेनं जाते. करायचीच असेल तर आधी कोरडी खमंग भाजून, न भिजवता, उघड्या भांड्यात शिजवा. राळा आणि वरई पंधरा मिनिटांत होतात, २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून तर कुठेही पाकिटात मिळतात, पण ते बहुतेक सडलेले असतात आणि पोत भातासारखा, चावायला काही उरत नाही. दलिया नको. त्याचं सॅलड करायला जाल आणि उपमा होऊन बसेल.

बाहेरदेशी राहणाऱ्यांसाठी

तिकडे खरंखुरं पानगळीचं सॅलड करायला सगळं सामान दुकानात एका रांगेत असतं. लाल भोपळ्याऐवजी बटरनट स्क्वॉश (गोड जास्त, गूळ कमी करा), मेथीऐवजी केल, पण केल जाड असते तिला मीठ-तेल लावून चांगली चार-पाच मिनिटं चोळा, ओल्या शेंगांऐवजी पेकन किंवा अक्रोड भाजून, आवळ्याऐवजी ॲपल सायडर व्हिनेगर दीड टेबलस्पून. डाळिंबाऐवजी सुक्या क्रॅनबेरी घालणार असाल तर त्यात बहुतेकदा साखर घातलेली असते, म्हणून ड्रेसिंगमधला गूळ काढूनच टाका. आणि खपलीऐवजी फारो, पण पाकिटावर पर्ल्ड लिहिलंय का बघा, तो सडलेला असतो, वीस मिनिटांत शिजतो. होल लिहिलेला घेतलात तर वरची सगळी वेळापत्रकं जशीच्या तशी लागू. थँक्सगिव्हिंगला ऑफिसातल्या लोकांकडे काय न्यायचं हा प्रश्न पडतो तेव्हा हे न्या, व्हीगनवाले खातात, बाकीचेही खातात, आणि परत गरम करायची भानगड नसते.

डबा आणि उरलेलं

डब्यासाठी रविवारी दुप्पट गहू शिजवा, निम्मं ड्रेसिंग लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस छान राहतो. भोपळा वेगळ्या डब्यात दोन-तीन दिवस. पानं, सफरचंद, डाळिंब रोजचं रोज. सकाळी फक्त एकत्र करायचं आणि बिया छोट्या पुडीत वेगळ्या. फ्रिजमधला गहू घट्ट होतो, खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा किंवा चमचाभर गरम पाणी घालून हलवा, आणि लिंबू परत पिळा, शिळ्या सॅलडला आंबट लागतंच. पण कालवलेलं सॅलड या उन्हात ऑफिसच्या टेबलावर दुपारपर्यंत ठेवू नका, पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये टाका, शिजवलेलं धान्य बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवणं बरं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात चिवडा-चकली-लाडूंनी जीव नकोसा झाला की रात्री फक्त हेच वाढा, सोबत टोमॅटोचं सार. पाहुण्यांना ठेवायचं असेल तर मोठ्या उथळ ताटात पसरून वाढा, खोल भांड्यात डाळिंब आणि भोपळा तळाशी जातात आणि शेवटच्या माणसाला नुसता गहू मिळतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उरलासुरला गहू राहिला, पानं संपली, भोपळा संपला, तर कढईत जिरं-मिरची-कांद्याची फोडणी करून त्यात परता, पाण्याचा हबका, झाकण, पाच मिनिटं. वर ओलं खोबरं. नाश्ता.